प्रवेशासाठी महाविद्यालयांकडून येणारे फोन: सोसायटीच्या गटावरील चर्चा

ए-५०३: नमस्कार. सीईटीचा निकाल लागल्यापासून मुलीला अभियांत्रिकी महाविद्यालयांचे सतत फोन येत आहेत. काल एकाने सांगितले की कॉम्प्युटर शाखेच्या मोजक्याच जागा उरल्या असून आज आगाऊ रक्कम न भरल्यास जागा हातची जाईल. घणसोलीहून रोज जाता येईल असे ऐरोली, नेरूळ किंवा खारघरचे महाविद्यालय आम्हाला हवे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सी-११०१: ताई, कृपया रक्कम भरू नका. कॅपमधील, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील, जागा राज्याच्या सीईटी सेलच्या गुणवत्ता यादीनुसार आणि मुलीने भरलेल्या पसंतीक्रमानुसारच मिळते. ती फोनवरून राखून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही. संस्था स्तरावरील जागाही, ज्यांना आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो, जाहिरात देऊन गुणवत्तेनेच भरायच्या असतात, आणि प्रवेशासाठी देणगी मागण्यास १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात बंदी आहे.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती पॅकेजच्या, म्हणजे नोकरीतील वार्षिक पगाराच्या, जाहिरातींची. ‘सर्वाधिक पॅकेज’ हा एकाच विद्यार्थ्याचा आकडा असतो. त्यावरून उरलेल्या वर्गाला काय मिळाले हे मुळीच कळत नाही. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत, सहभागी होणाऱ्या संस्थांना मात्र किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, किती जण उच्च शिक्षणाकडे वळले आणि मध्यक वेतन (ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे जण असतात) किती, ही माहिती सादर करावी लागते व ती संकेतस्थळावर खुली असते. फोन करणाऱ्यांना हेच आकडे आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरून पाठवण्यास सांगावे. फोनवर अनेकदा तिथले प्राध्यापकच असतात, त्यांच्यावर जागा भरण्याचा दबाव असतो, म्हणून बोलणे सौम्यच असावे. परंतु जे महाविद्यालय लेखी उत्तर देत नाही, त्याच्या तोंडी आश्वासनावर मुलीची चार वर्षे सोपवू नयेत.

बी-७०२: काकांच्या म्हणण्यात एक भर घालते. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीपुरतीच दाखवावीत, ती कुणाकडेही ठेवू नयेत, कारण महाविद्यालयांना ती अडकवून ठेवता येत नाहीत. मुदतीत प्रवेश रद्द केल्यास एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) नियमानुसार जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेले शुल्क परत मिळते.

ए-५०३: दोघांचेही मनापासून आभार. तिन्ही महाविद्यालयांना आजच ईमेल पाठवते आणि पसंतीक्रम त्यांची उत्तरे वाचूनच भरू.