मदत हवी आहे: रवांडातल्या बचत गटात प्रार्थना कशी सांगू?

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी रवांडात मुसांझेला आले. चर्चशी जोडलेल्या एका संस्थेत सहा महिन्यांची मायक्रोफायनान्सची इंटर्नशिप आहे. बीडकडे बचत गटांच्या वह्या तपासायचे, त्यामुळे काम परकं वाटत नाही. इथे गटाला 'इकिमिना' म्हणतात. आमच्या गटाच्या लोखंडी पेटीला तीन कुलपं आहेत, किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे आणि पेटी सगळ्यांसमोरच उघडते. मला ही पद्धत फार आवडली.

अडचण वेगळीच आहे. बैठक प्रार्थनेनं आणि गाण्यानं सुरू होते. मी हिंदू, हात जोडून मनापासून उभी राहते. पण पुढच्या बुधवारी प्रार्थना मी सांगावी, असं गटातल्या एका आजींनी प्रेमानं सुचवलंय. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. जे मानत नाही ते ओठांनी म्हणणं मला पटत नाही. मराठीत सर्वांच्या भल्यासाठी दोन ओळी म्हटल्या तर चालेल का? अशा संस्थेत काम केलेलं कुणी आहे का?

आणि भाषा! 'मुराहो' (नमस्कार), 'मुराकोझे' (धन्यवाद) यापुढे गाडी सरकत नाही. हप्ता थकलेल्या बाईशी दुभाष्यामार्फत बोलताना तिची खरी अडचण निसटते. इथली किन्यारवांडा भाषा शिकायला कुठून सुरुवात करू?

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उमुगांडा, म्हणजे गावाचं श्रमदान असतं. फावडं घेऊन जाणार आहे. तिथे काय पाळावं, तेही सांगा.