एन्ट्रा आयडीतले युजर अझूर डेटा फॅक्टरीतून आणतोय, १०० च येतात आणि डिपार्टमेंट रिकामं, काय करू

अक्कलकोट_रोड_आयटी
नमस्कार मंडळी. सोलापुरात एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या युनिटमध्ये आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याकडेच. आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे त्यामुळे सगळे युजर अझूर एडीत (लॉगिन खात्यांची डिरेक्टरी), म्हणजे २०२३ पासून ज्याला एन्ट्रा आयडी म्हणतात त्यात. आता मालकांना हवंय की कोण कुठल्या डिपार्टमेंटला, त्याचा मॅनेजर कोण, खातं चालू का बंद, हे सगळं रोज रात्री आमच्या एसक्यूएल डेटाबेसमध्ये यावं आणि ईआरपीच्या (कंपनीचे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) रिपोर्टला जोडावं. कारण असं की ऑडिटमध्ये निघालं, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॉगिनवरून डिस्पॅच अप्रूव्ह होत होता, आणि ते ऐकल्यापासून मला खरंच झोप नाही.

अझूर डेटा फॅक्टरी (डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारी सेवा) घेतलीय, रेस्ट कनेक्टर (वेब पत्त्यावरून डेटा आणणारा) लावला, ग्राफ एपीआयचा (डिरेक्टरीची माहिती देणारा मायक्रोसॉफ्टचा वेब मार्ग) युजर्सचा पत्ता दिला, ॲप रजिस्ट्रेशन केलं (म्हणजे या कामासाठी एन्ट्रात वेगळी नोंद). चालतंय, पण १०० च रेकॉर्ड येतात, आमचे सहाशेच्या वर आहेत. डिपार्टमेंट आणि खातं चालू-बंद हे कॉलमच येत नाहीत. दुसरं, ज्यांनी आम्हाला हे सेटअप करून दिलं ते म्हणतात ॲपला डिरेक्टरी रीड राइट ऑल परमिशन देऊन टाका म्हणजे पुढं काही अडणार नाही. द्यावी का? आणि त्यापेक्षा सरळ एलडॅपनं (डिरेक्टरी वाचायची जुनी पद्धत) जोडता येतंय का? कुणी केलं असेल तर सांगा की ओ.

डेटावाली_पुणे
दादा, तुमचं काही बिघडलेलं नाही, ग्राफ एपीआय युजर्सची लिस्ट देताना एका पानावर १०० च देतो. उत्तराच्या शेवटी ओडेटा नेक्स्टलिंक नावाची किल्ली असते, तिच्यात पुढच्या पानाचा अख्खा पत्ता असतो. डेटा फॅक्टरीतल्या कॉपी ॲक्टिव्हिटीच्या सोर्स टॅबमध्ये पेजिनेशन रूल्स (पुढची पानं आणायचे नियम) आहेत, तिथे ॲब्सोल्यूट यूआरएल निवडा आणि व्हॅल्यूमध्ये ती नेक्स्टलिंकची किल्ली द्या, मग नेक्स्टलिंक संपेपर्यंत तो स्वतःच पानं उलटत जातो. पत्त्यात डॉलर टॉप ९९९ (एका पानावर किती नावं) पण लावा, ते जास्तीत जास्त आहे, सहाशे-सातशे लोक एकाच पानात बसतील. पण म्हणून पेजिनेशन सोडू नका, उद्या माणसं वाढली की परत तेच दुखणं.

डिपार्टमेंटचं असं की पत्त्यात सिलेक्ट (कुठले कॉलम हवेत ते) नाही लावला तर ग्राफ ठराविक दहा-अकरा गोष्टीच देतो, नाव, मेल, पद, मोबाईल वगैरे. डिपार्टमेंट, अकाउंट एनेबल्ड, एम्प्लॉयी आयडी, युजर टाइप हे मागितल्याशिवाय येत नाही. डॉलर सिलेक्टमध्ये सगळी नावं लिहा, आयडी विसरू नका. मॅनेजर हा साधा कॉलम नाही, ते एका युजरचं दुसऱ्या युजरशी नातं आहे, त्याला एक्स्पांड (जोडलेली माहितीही दे असं सांगणं) लागतो. आणि मॅपिंगमध्ये कलेक्शन रेफरन्स 'व्हॅल्यू' नावाच्या ॲरेवर (युजरची यादी त्यात असते) ठेवा, नाहीतर एकच ओळ पडेल टेबलात.

जुना_सिस्टीमवाला
रीड राइट ऑल अजिबात देऊ नका, कोण काहीही म्हणू दे. तुम्हाला फक्त यादी वाचायचीय, तर गोदामातले गठ्ठे मोजायला आलेल्या माणसाला तिजोरीची किल्ली कशाला? ॲपचं सिक्रेट (म्हणजे त्याचा पासवर्ड) उद्या कुणाच्या हाती लागलं तर तो तुमच्या डिरेक्टरीत नवीन युजर बनवू शकतो, ग्रुप बदलू शकतो. युजर डॉट रीड डॉट ऑल पुरेसं आहे. आणि ती ॲप्लिकेशन प्रकारची घ्या, डेलिगेटेड (लॉगिन केलेल्या माणसाच्या नावानं चालणारी) नाही, कारण पाइपलाइन (डेटा आणायचं हे रोजचं काम) मध्यरात्री चालणार तेव्हा कुणीच लॉगिन केलेलं नसतं. त्याला ॲडमिन कन्सेंट (ॲडमिनची मंजुरी) लागतो, तो ग्लोबल ॲडमिन किंवा प्रिव्हिलेज्ड रोल ॲडमिन देऊ शकतो. तुमच्याकडे तो लॉगिन मालकांकडे असेल तर त्यांना समोर बसवून द्यायला लावा, पासवर्ड मागून घेऊ नका.

सिक्रेटबद्दल दोन गोष्टी. एक, पोर्टलमध्ये सिक्रेट आयडी आणि सिक्रेट व्हॅल्यू असे दोन दिसतात, लागते ती व्हॅल्यू, आणि ती बनवल्यावर एकदाच दिसते, नंतर कधीच नाही. पुष्कळ जण आयडीच चिकटवतात आणि मग एएडीएसटीएस ७०००२१५ ही एरर बघत बसतात. दोन, पोर्टलवर जास्तीत जास्त २४ महिन्यांचं सिक्रेट मिळतं, संपलं की पाइपलाइन एका रात्री गप बंद पडते, म्हणून संपायची तारीख आधीच कॅलेंडरला लावा, आणि सिक्रेट अझूर की व्हॉल्टमध्ये (सिक्रेटची तिजोरी) ठेवा, लिंक्ड सर्व्हिसमध्ये (डेटा फॅक्टरीतलं जोडणीचं सेटिंग) उघडं नको. मी तर म्हणेन डेटा फॅक्टरीची मॅनेज्ड आयडेंटिटीच (अझूरनं तिला दिलेली स्वतःची ओळख) वापरा, सिक्रेटच राहत नाही. फक्त तिला ग्राफची परमिशन पोर्टलच्या बटणावरून देता येत नाही, पॉवरशेलच्या कमांडनं द्यावी लागते, तेवढा एकदाच त्रास.

एलडॅप विसरा. एन्ट्रा आयडी एलडॅप बोलत नाही. त्यासाठी डोमेन सर्व्हिसेस वेगळी घ्यावी लागते, तिचं बिल वेगळं, आणि तुमच्या कामाला गरज नाही.

अक्कलकोट_रोड_आयटी
ताई, सर, दोघांचे खूप आभार. पेजिनेशन आणि सिलेक्ट लावला, सगळे आले, डिपार्टमेंट पण आलं. परमिशन रीडच ठेवली, मालकांनी स्वतः कन्सेंट दिला. आता पुढची अडचण, एचआरच्या एक्सेल लिस्टशी जुळवायला गेलो तर निम्मी नावं जुळेनात. आमच्याकडे तेलुगू आणि कन्नड आडनावं भरपूर, इंग्रजीत एकच आडनाव एचआरनं एका स्पेलिंगनं लिहिलंय, डिरेक्टरीत दुसऱ्या, आणि पगारपत्रकात तिसऱ्या. एका मॅडमचं लग्नानंतर मेल आयडी बदलला तर टेबलात त्या दोनदा. आणि सोडून गेलेले अजून टेबलात तसेच चालू दिसतायत.

डेटावाली_पुणे
नावावर कधीच जॉइन करू नका, मेलवर पण नाही. यूजर प्रिन्सिपल नेम (लॉगिनचं नाव) लग्नानं बदलतं, डोमेन बदललं की बदलतं. तुमच्या टेबलाची मुख्य किल्ली ऑब्जेक्ट आयडी (सिलेक्टमधला तो आयडी) ठेवा, ते खातं असेपर्यंत बदलत नाही, म्हणजे मॅडम एकदाच राहतील. एचआरशी जोडायला एम्प्लॉयी आयडी हे फील्ड आहे डिरेक्टरीत, त्यात कामगाराचा टोकन नंबर भरा. ते एकदा हातानं भरावं लागेल, एचआरच्या माणसाला शेजारी बसवून एकेक नाव बघत भरा, सोलापुरातल्या आडनावांचं स्पेलिंग कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला खात्रीनं जुळवून देणार नाही, आणि चुकीचं जुळलं तर एकाच्या नावावर दुसऱ्याचा अप्रूव्हल दिसेल, ते न जुळण्यापेक्षा वाईट. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळ्या रिपोर्टचा पाया हाच आहे, इथे घाई करू नका.

सोडून गेलेल्यांचं. डिरेक्टरीतून युजर काढला की ३० दिवस तो डिलीटेडमध्ये पडून असतो, पण नेहमीच्या यादीत येत नाही. तुम्ही रोज नुसतं अपसर्ट (असेल तर बदल, नसेल तर घाल) करत असाल तर जो यादीत आलाच नाही त्याची जुनी ओळ टेबलात तशीच राहणार. यावर डेल्टा क्वेरी आहे, फक्त बदललेले आणि काढलेले देते, पण तिचं टोकन (मागच्या वेळी कुठवर आलो त्याची खूण) सात दिवसांत शिळं होतं. तुमचे सहाशेच लोक आहेत, मला विचाराल तर डेल्टाच्या नादी लागू नका, रोज रात्री पूर्ण यादी स्टेजिंग (तात्पुरत्या) टेबलात आणा आणि जो आज आला नाही त्याच्यापुढे गेल्याची तारीख टाका. ओळ पुसू नका, ऑडिटवाले जुनंच विचारतात. फक्त एक कुंपण घाला, कालच्यापेक्षा यादी एकदम खूप लहान आली तर काहीच अपडेट न करता मेल पाठवायचा, नाहीतर एका रात्री अर्धवट यादी आली की अर्धी कंपनी सोडून गेलेली दिसेल.

पाहुणे खाती पण वेगळी काढा, युजर टाइप गेस्ट असतो त्यांचा. आणि वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येतात, साडेपाच तास मिळवा, तिसऱ्या पाळीत पहाटे बनवलेलं खातं नाहीतर आदल्या तारखेला जाईल.

मोबाईल नंबर सिलेक्टमधून काढलात ना? रिपोर्टला लागत नाही तर आणूच नका. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण कायदा नसता तरी कामगाराचा नंबर दहा जणांच्या एक्सेलमध्ये फिरायचं कारण नाही.

जुना_सिस्टीमवाला
एक मूळ मुद्दा राहतोय. रिपोर्टनं तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळेल की गेलेल्या माणसानं अप्रूव्ह केलं, थांबणार नाही. थांबायला दोन गोष्टी लागतात, एचआरनं शेवटच्या दिवशीच तुम्हाला कळवणं आणि तुम्ही त्याच दिवशी खातं डिसेबल करणं. आणि ईआरपीचं लॉगिन एन्ट्राच्या सिंगल साइन ऑनवर (एकाच लॉगिननं सगळीकडे) असणं, कारण ईआरपीचा पासवर्ड वेगळा असेल तर इकडे डिसेबल करून तिकडे काहीच होत नाही. ईआरपीवाल्यांना विचारा स्किम २.० (खाती आपोआप बनवायची-बंद करायची प्रमाण पद्धत) सपोर्ट करता का. करत असतील तर एन्ट्रा स्वतःच तिकडे खाती बनवतो आणि बंद करतो, साधारण दर ४० मिनिटांनी बघतो, त्याला डेटा फॅक्टरी मध्ये लागतच नाही.

अक्कलकोट_रोड_आयटी
सर, ईआरपीचं लॉगिन वेगळंच आहे, तिथेच घोटाळा होता हे आत्ता कळालं. ईआरपीवाल्यांना मेल टाकलाय, स्किम नाही पण सिंगल साइन ऑन देतो म्हणाले. तोपर्यंत रोज सकाळी गेल्याची तारीख पडलेल्यांची आणि डिसेबल खात्यांची यादी ईआरपीच्या युजर टेबलाशी लावून मलाच मेल येईल असं करतो, आणि तिकडे हातानं बंद करतो. टोकन नंबर भरायला एचआरच्या ताई सोमवारपासून बसतायत. कधीमधी ४२९ एरर येतो, तो काय आहे?

डेटावाली_पुणे
रिक्वेस्ट जास्त झाल्या म्हणून ग्राफ थांबा म्हणतो. उत्तराच्या हेडरमध्ये रिट्राय आफ्टर असतो, तेवढे सेकंद थांबून परत मागायचं. पेजिनेशनच्या दोन पानांमध्ये रिक्वेस्ट इंटरव्हल ठेवा आणि ॲक्टिव्हिटीचा रिट्राय चालू करा. टॉप ९९९ असताना सहाशे लोकांना सहसा येऊ नये, त्याच ॲपवर अजून कुठली पाइपलाइन चालू आहे का बघा.