मदत हवी आहे: मासळीच्या डोक्या-आतड्यांचं सायलेज, कोळंबी मिसळली की पीएच टिकत नाही

नमस्कार. मालवण पट्ट्यातला आमचा बचत गट. गटातल्या बायका बाजारात गिऱ्हाइकांना मासे साफ करून देतात: बांगडा, तारली, सुरमई, मोसमात कोळंबी. दुपारपर्यंत डोकी, कल्ले, आतडी, काटे यांच्या बादल्या भरतात. थोडं पूर्वीसारखं माडाच्या मुळाशी जातं, बाकीचं खाडीत, आणि ते मला बघवत नाही. बांगड्याच्या डोक्याला किती मांस राहतं ते विळीवर बसणाऱ्या कुणालाही विचारा. इकडे गावातले कोंबड्या पाळणारे खाद्याच्या भावाने हैराण आहेत.

फिश मील म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्यांना आमचा माल थोडा, तोही रोज कमीजास्त; गाडी पाठवणं त्यांना परवडत नाही. अल्कलीत प्रथिन विरघळवून पुन्हा साडेपाच पीएचला खाली बसवायची पद्धत वाचली, पण त्याला सेंट्रिफ्यूज लागतो. बाहेरचं एन्झाइम घालायचं तर माल काही तास ५०-६० अंशांवर धरायचा, मग ९० च्या आसपास तापवून एन्झाइम थांबवायचं. एवढं इंधन आमच्याकडे नाही. म्हणून सायलेज, म्हणजे आम्लात मुरवून केलेलं पातळ खाद्य. त्यात माशाच्या पोटातलेच पाचकरस काम करतात, आम्ल कुजवणाऱ्या जिवाणूंना रोखतं.

सगळं खिमा यंत्रातून काढतो, प्लास्टिकच्या पिंपात भरतो आणि वजनाच्या ३ टक्के फॉर्मिक आम्ल (८५ टक्क्यांचं) घालून रोज लाकडी दांड्याने ढवळतो. आम्ल दोडामार्गकडून मिळतं. तिथल्या रबराच्या बागांत चीक गोठवायला तेच लागतं. हातमोजे, चष्मा घालून उघड्यावरच काम करतो.

नुसत्या बांगडा-तारलीचं पिंप उत्तम होतं. काही दिवसांत सगळं विरघळून खिरीसारखं तपकिरी पातळ होतं, वास आंबटसर, पीएच पट्टी ४ च्या खाली. पण कोळंबीची डोकी-सालं गेली की आम्ल ओतताक्षणी पिंप फसफसतं. संध्याकाळी पट्टी ४ दाखवते, दोनतीन दिवसांत ५ च्या पुढे जाते, आणि झाकण उघडलं की वास डोळ्यांत झोंबतो. सुरमईचे जाड काटे जास्त असले तरी थोडं तसंच.

आम्ल वाढवत जावं का? तारलीच्या मोसमात वर बोटभर तेल येतं, ते काढावं का? आणि तपासणीत दोन्ही पिंपांचा प्रथिनाचा टक्का जवळजवळ सारखा आला, हे मला पटत नाही. पोल्ट्रीवाल्यांना खोटा आकडा सांगायचा नाही.

प्रतिसाद

ताई, ते फसफसणं म्हणजेच तुमचं उत्तर. कोळंबीच्या सालात कॅल्शियम कार्बोनेट असतं, तुमचं आम्ल त्यावरच खर्च होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. काट्यांतलं कॅल्शियम फॉस्फेट सावकाश विरघळतं, म्हणून पट्टी पहिल्या दिवशी बरी दिसते आणि मग चढते. आम्ल वाढवून पैसे घालवू नका. कोळंबीची बादली बाजारातच वेगळी ठेवा. डोक्यांतला गर पिळून बांगड्याच्या पिंपात घाला, सालं सुकवा. जाड काटे असतील त्या पिंपाला सुरुवातीचे काही दिवस रोज पट्टी लावा. ४ च्या वर गेली की लगेच थोडं आम्ल घालून ढवळा.

टक्क्याबद्दलची तुमची शंका रास्त आहे. प्रथिनाच्या टक्क्यासाठी प्रयोगशाळा केल्डाल पद्धत वापरतात, तीत प्रथिन मोजतच नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. सालातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, बिघडलेल्या मालातल्या अमोनियातही असतो. तो सगळा प्रथिन म्हणून मोजला जातो, पण कोंबडीच्या अंगी लागत नाही. नमुना देताना राख, बाष्पशील नायट्रोजन (माल किती बिघडला ते कळतं) आणि पेप्सिन पचनीयता (प्रथिनाचा किती वाटा पचतो ते कळतं) असं तिन्ही मागा. पोल्ट्रीवाल्यांना पचनीयतेचा आकडा सांगा.

तेल जरूर काढा. तापवलंत की ते सुटून वर येतं. राहिलं तर खवट होतं आणि अंड्याला मासळीचा वास लागतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगणं भाग आहे. बांगडा-तारलीचा कचरा उन्हात राहिला की हिस्टामिन नावाचं घातक द्रव्य तयार होतं, आणि नंतर कितीही आम्ल घातलंत तरी ते जात नाही. बादली दुपारपर्यंत बर्फात ठेवा, किंवा निम्मी भरली की तेवढीच खिमा करून आम्लात टाका.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. दोन बादल्यांचं आजच बायकांशी बोलते. बर्फाचा खर्च काढावा लागेल, पण निम्म्या बादलीचं जमेल. तपासणी कुठे करावी? आधीच्या ठिकाणी टक्क्याशिवाय काही मिळत नाही.

प्रतिसाद

आधी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा, तुम्हाला तेच जवळ. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचंही वाशीला केंद्र आहे आणि मासळीच्या कचऱ्याच्या सायलेजवर त्या संस्थेने काम केलेलं आहे. जाताना कोळंबीविना केलेल्या पिंपाचा आणि मिश्र पिंपाचा, दोन्ही नमुने न्या, आणि बाटलीवर आम्ल घातल्याची तारीख लिहा.