वेढ्यातल्या सारायेव्होत वाढलेल्या सहकाऱ्याशी त्याच्या लहानपणाविषयी कसे बोलावे?

गिरगावकर (प्रश्न)

मी गेली सहा वर्षे अमेरिकेतील सेंट लुईस शहरात नोकरीनिमित्त राहतो. बोस्नियातून आलेल्या लोकांची येथे मोठी वस्ती असून माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी त्यांच्यापैकीच आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये बोस्नियाची राजधानी सारायेव्होला वेढा पडला तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि वेढा संपला तेव्हा बारा वर्षांचा. त्याच्या खणात गोळ्या-चॉकलेटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. परवा त्याने तो उघडून दाखवला, तर आत कापसावर ठेवलेले लोखंडाचे चार-पाच तुकडे होते. कडा दातेरी, एका तुकड्यावर गंजाखाली हिरवट रंगाचा अंश. तो म्हणाला, "हे तोफगोळ्यांचे कपचे. तुम्ही गोट्या जमवायचात ना, तसे आम्ही हे जमवायचो. उखळी गोळ्याच्या शेपटीचा तुकडा हाती लागला, तर त्याच्या बदल्यात पाच साधे मिळायचे. सर्वांत चांगला संग्रह आमच्याच जिन्यावरच्या माझ्या मित्राकडे होता."

मी चाळीत वाढलेला असल्यामुळे जिन्यावरची मैत्री मला लगेच उमगली आणि त्या उत्साहात मी विचारून बसलो, "पण यादवी युद्ध चालू असताना तुम्हाला खेळायला मिळायचे तरी कसे?" त्याने शांतपणे झाकण लावले, डबा आत ठेवला आणि कामाला लागला. माझे काय चुकले? आणि ज्या शहरात घराबाहेर पाऊल टाकणे धोक्याचे होते, तेथे मुलांची मैत्री टिकत कशी होती?

सई_व्हिएन्ना

मी व्हिएन्नाहून तीन वेळा सारायेव्होला गेले आहे. शहर लांबट दरीत आहे, मधून मिल्यात्स्का नदी वाहते आणि दोन्ही बाजूंना डोंगर आहेत. १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी ज्या त्रेबेविच डोंगरावर बॉबस्लेची (बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीची) घसरपट्टी बांधली होती, त्याच डोंगरावरून पुढे शहरावर तोफा डागल्या गेल्या. वरून दिसणारी प्रत्येक मोकळी जागा, म्हणजे मैदान, चौक, पूल, शाळेचे अंगण, धोक्याची ठरली. उरला तो इमारतीचा जिना. त्याला तेथे "हाउस्टोर" म्हणतात. भिंती जाड, खिडक्या थोड्या, आणि गोळीबार वाढला की दोन पायऱ्यांत तळघर. त्यामुळे मुलांचे जग त्या एका जिन्यापुरते आक्रसले आणि मित्र निवडण्याची सोयच राहिली नाही. शाळेतला जिवलग चार गल्ल्या पलीकडे राहत असेल, तर तो महिनोन् महिने भेटत नसे. मात्र वरच्या मजल्यावरचा, पूर्वी ज्याच्याशी पटत नव्हते असा मुलगा रोजचा सोबती होई. दोब्रिन्या या उपनगरात तर शिक्षकांनी जिन्यांतच वर्ग भरवले आणि मुले पायऱ्यांवर बसून शिकली.

दुसरे कारण चुलीचे होते. वीज आणि गॅस गेल्यावर पत्र्याच्या छोट्या चुली आल्या. त्यांत उद्यानातली झाडे, घरातले फर्निचर, जमिनीच्या लाकडी पट्ट्या, जुने बूट आणि शेवटी पुस्तकेही जळाली. दोन-तीन बिऱ्हाडे एकाच चुलीभोवती बसत. ग्लासात पाणी, वर बोटभर तेल आणि बुचातून ओवलेली वात, या पणतीला ते "कंदिलो" म्हणतात. तिच्या उजेडात पत्ते आणि मोनोपॉली चाले. पाणी आणण्याचे कामही मुलांकडे असे. नळ कोरडे पडल्यावर बिस्ट्रिक भागातल्या बिअरच्या कारखान्याजवळच्या झऱ्यावर रांगा लागत, आणि मुले कॅन घेऊन बाबागाडी किंवा बर्फातली घसरगाडी ओढत तेथे जात. एकट्याने भरलेले कॅन चार मजले चढवून न्यायचे म्हणजे दिवस मोडे. जोडीने जाणारा मित्र तेथे चैनीची गोष्ट नव्हती.

एक शब्द मात्र त्याला जरूर सांगा. दोस्तांच्या टोळक्याला सारायेव्होत "राया" म्हणतात. हा शब्द उस्मानी अमलातून तेथे गेला, आणि ज्या अरबी शब्दापासून तो आला त्यापासूनच आपली "रयत" आली आहे. मी हे एका म्हाताऱ्या कॉफीवाल्याला सांगितले, तेव्हा त्याने दुसऱ्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

जुना_वाचक

तुमची चूक "यादवी" या शब्दात आहे. मराठीत तो सहज येतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर भाऊ-भाऊ लढणारे यादव उभे राहतात. पण सारायेव्होत वेढ्यात अडकलेल्या बहुतेकांना हा शब्द झोंबतो. ते "आक्रमण" म्हणतात. वेढा घालणाऱ्या बोस्नियन सर्ब सैन्यामागे शेजारच्या देशाचे, म्हणजे सर्बियाचे, बळ होते, ही बाब "यादवी" म्हटले की झाकली जाते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानेही १९९९ मध्ये तादिच या बोस्नियन सर्ब आरोपीवरील युद्धगुन्ह्यांच्या खटल्याच्या अपिलात हा संघर्ष आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा असल्याचे ठरवले. नुसते "युद्ध" किंवा "वेढा" म्हणावे, म्हणजे पुरते.

शिवाय त्या शब्दातून असे सूचित होते की शहराच्या आत शेजारी शेजाऱ्याशी लढत होता. वस्तुतः वेढ्याच्या आत बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम), सर्ब, क्रोएट आणि मिश्र विवाहांची कुटुंबे एकाच जिन्यावर राहत होती आणि गोळा नाव विचारून पडत नव्हता.

सईताईंनी जवळच्या मित्रांविषयी लिहिले. मला दूर पडलेल्यांविषयी सांगावेसे वाटते. २ मे १९९२ रोजी मुख्य टपाल कचेरी जळाली आणि शहरातले हजारो दूरध्वनी एकाच दिवशी मुके झाले. नदीपलीकडची ग्रबावित्सा ही वस्ती वेढा घालणाऱ्यांच्या ताब्यात गेली. ती मध्यवर्ती भागापासून इतकी जवळ आहे की खिडकीतून पलीकडचे वाळत घातलेले कपडे दिसावेत. पण एकाच वर्गातली दोन मुले नदीच्या दोन काठांवर राहत असतील, तर मार्च १९९६ मध्ये ती वस्ती पुन्हा शहराला जोडली जाईपर्यंत त्यांची भेट दुरापास्त होती. रेडक्रॉसमार्फत उघड्या चिठ्ठ्या जात, त्यांत फक्त घरगुती मजकूर चाले. पहिल्या महिन्यांत आया मुलांना घेऊन बसच्या ताफ्यांतून बाहेर पडल्या. पुष्कळ मुलांना "दोन आठवड्यांसाठी मावशीकडे जातोय" असेच सांगितले गेले होते. तेव्हा निरोप तरी कोण कोणाचा घेणार?

पलटणवाला

माझी माहिती थोडीच आहे, पण विषयाशी तिचा संबंध आहे. बोस्निया पूर्वी ज्याचा भाग होता, त्या युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते (मार्च १९९२ ते मार्च १९९३). या सेनेचे मुख्यालय प्रथम सारायेव्होतच होते. जुलै १९९२ पासून जानेवारी १९९६ पर्यंत विमानांनी धान्य पोचवले गेले. हा हवाई पूल १९४८-४९ च्या बर्लिनच्या हवाई पुलापेक्षाही जास्त काळ चालला. त्या मदतीतल्या डबाबंद गोमांसाचा लोकांना इतका वीट आला होता की, २००७ मध्ये त्यांनी त्या डब्याचेच उपरोधिक स्मारक उभारले. विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या हाती असूनही नागरिकांना तो ओलांडता येत नसे, म्हणून दोब्रिन्या ते विमानतळापलीकडचे, वेढ्याबाहेरचे बुतमिर असा सुमारे ८०० मीटरचा बोगदा धावपट्टीखालून खणला गेला आणि जुलै १९९३ अखेर तो खुला झाला. बहुतेक जागी मोठ्या माणसाला वाकूनच चालावे लागे. मुले मात्र ताठ जात.

फळा_खडू

वरचे सारे वाचले आणि एक खटकले. जिना, पणती, पत्ते यांचे चित्र असे गोजिरे होऊ लागले की त्यात मेलेली मुले दिसेनाशी होतात. २२ जानेवारी १९९४ रोजी अलिपाशिनो पोल्ये भागात बर्फ पडला होता, गोळीबार थोडा थांबला होता आणि मुले घसरगाड्या घेऊन बाहेर आली होती. उखळी गोळे पडले आणि सहा मुले जागीच गेली. आई-बापांपुढचा पेच हाच होता. मुलाला महिनोन् महिने कोंडून ठेवावे, तर ते मनाने खचते. सोडावे, तर परत येईलच असे नाही. २०१२ मध्ये, वेढ्याला वीस वर्षे झाली तेव्हा, शहराच्या मुख्य रस्त्यावर वेढ्यात मेलेल्या प्रत्येकामागे एक अशा ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या ६४३ मुलांसाठीच्या, लहान होत्या, आणि लोक त्यांवर खेळणी व शाळेची पुस्तके ठेवून गेले.

आणखी एक. भुकेत मैत्रीही आंबते. मदतीच्या पाकिटातले चॉकलेट कोणी लपवले, कोणाच्या घरी परदेशातून पैसे आले, यावरून मुलांत हाणामाऱ्या होत असणारच. मी तीस वर्षे शाळेत घालवली आहेत, मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. म्हणून गिरगावकर, "त्या मित्राचे पुढे काय झाले?" असे आपण होऊन विचारू नका. उत्तर कोणत्याही टोकाचे असू शकते. डब्यातल्या वस्तूविषयी विचारा. वस्तूविषयी बोलणे माणसाला सोपे जाते. सारायेव्होत २०१७ मध्ये उघडलेले युद्धकालीन बालपणाचे संग्रहालय याच तत्त्वावर उभे आहे: एक वस्तू आणि तिच्या मालकाने सांगितलेली तिची हकीकत.

गिरगावकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. फळा_खडू यांचा सल्ला मी शब्दशः पाळला. आज जेवणाच्या सुट्टीत आधी त्या शब्दाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्याने हात हलवून विषय मिटवला. "राया" आणि "रयत" यांचे नाते सांगितले, तर त्याने ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. मग मी एवढेच विचारले की, डब्यात शेपटीचा तुकडा कोणता.

तो हसला. शेपटीचा तुकडा त्यात नाहीच. तो मित्र दुसऱ्या हिवाळ्यात आईबरोबर बोगद्यातून बाहेर पडला. जाण्याच्या आदल्या रात्री दोघांनी जिन्यात बसून संग्रहाची वाटणी केली आणि शेपटी मित्राच्या वाट्याला गेली. मित्र आता स्वीडनमध्ये माल्मोला बस चालवतो. दर वर्षी वाढदिवसाला फोनवर हा ती शेपटी परत मागतो, आणि तो दर वर्षी एकच उत्तर देतो: "पाच साधे दे."