फिटनेसची चिठ्ठी आणली म्हणजे झालं का?

सक्करदऱ्याचा दातवाला:
काल आपल्याच एका डेंटिस्ट बंधूंनी इथं टाकलं की सीडीई (दातांच्या डॉक्टरांनी पुढंही शिकत राहावं म्हणून सक्तीनं पॉइंट मिळवायला लावणारे कार्यक्रम) म्हणजे पॉइंट विकायची दुकानं, आपण दात पाहायचे, हार्ट-किडनीसाठी फिजिशियन आहेत, पेशंट फिट असल्याची त्यांची चिठ्ठी आणायला लावा आन् मोकळे व्हा. वाचून डोकंच फिरलं, म्हणून लांब लिहून राहिलो.

अहो, साठीच्या पुढचा पेशंट म्हणजे शुगर, बीपी, स्टेंट आणि गोळ्यांची पिशवी. बीपीच्या ॲम्लोडिपिननं हिरड्या वाढतात, आपण स्केलिंगवर स्केलिंग (दात साफ) करत बसतो. हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन घेणाऱ्या आजी ते सांगतच नाहीत, कारण आपण विचारतो "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" आणि ती काही गोळी नाही. दाढ काढली, मग खड्डा भरेना, हाड उघडं. त्या औषधानं होणारं हे जबड्याचं नेक्रोसिस, म्हणजे हाड मरणं, 2003 पासून नोंदलं गेलंय, माझ्या बीडीएसच्या पुस्तकात त्याचा एक शब्द नव्हता. मग शिकायचं कुठं? आणि 2021 चं म्युकर (काळी बुरशी) विसरलात का? वरच्या दाढा हलतात म्हणून पेशंट आपल्याच खुर्चीत येत होते. ज्याला शुगर आन् स्टिरॉइडचं विचारायचं सुचलं त्यानं वेळेवर पुढे पाठवलं.

धरमपेठवाला:
मीच तो बंधू. ज्ञान पाजू नका. हॉटेलात सीडीई, बाहेर इम्प्लांट कंपनीचा स्टॉल, आत सर स्वतःच्याच केसेस दाखवून राहिले, मागच्या रांगेत सगळे जेवण कधी लागतं ते पाहून राहिले. वेबिनारला तर मी लॉगिन करून इकडं आरसीटी (रूट कॅनाल) करतो, पॉइंट बरोबर येतात. याला शिक्षण म्हणता? उद्या केस झाली तर कामाला येईल ती फिजिशियनची चिठ्ठीच.

सक्करदऱ्याचा दातवाला:
त्या चिठ्ठीत असतं काय? "फिट फॉर एक्स्ट्रॅक्शन". आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते) नाही, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) नाही, काहीच नाही.

धंतोलीतला फिजिशियन:
आता आमच्यावर आलात तर ऐका. तुमचं पत्र काय असतं? "काइंडली गिव्ह फिटनेस". एक दाढ काढणार का आठ, भुलीत ॲड्रेनॅलिन आहे का, रक्त किती जाईल, काही लिहिता? पेशंट दारात उभा, मी बीपी पाहतो आन् फिट लिहितो. अजून काय लिहू, कुंडली?

वर्धा रोडवरून एक मुलगी:
मी डॉक्टर नाही. पण माझ्या बाबांना स्टेंट टाकलेला, रक्त पातळ ठेवायच्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल गोळ्या चालू, आणि एका दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद करायला सांगितल्या. दाढ निघायच्या आधीच छातीत दुखलं, ॲडमिट केलं. हार्टवाले आम्हालाच ओरडले, "कोणाला विचारून बंद केल्या?" आम्ही कोणाचं ऐकायचं ते एकदा ठरवून सांगा.

धंतोलीतला फिजिशियन:
घ्या. हे पहा तुमचे प्रताप.

सक्करदऱ्याचा दातवाला:
आमचे? "पाच दिवस ब्लड थिनर बंद" असं लिहिलेल्या चिठ्ठ्या धंतोलीतूनच येतात सर, फोटो टाकू का? ताई, साध्या एक-दोन दाढांसाठी त्या गोळ्या बंद करत नाहीत. जिलेटिन स्पंज, टाके, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिकमध्ये भिजवलेला गॉज दाबून धरायचा. वॉरफरिन (रक्त पातळ करायचं दुसरं औषध) असेल तर आदल्या 24 तासांतला आयएनआर, फार तर 72. एवढं जमलं की झालं.

धरमपेठवाला:
हे तुम्ही सीडीईत शिकलात का वाचून? खरं सांगा.

सक्करदऱ्याचा दातवाला:
वाचून. पण सगळे वाचतात का?

धरमपेठवाला:
झालं तर मग!! पॉइंट कशाला पाहिजेत बे?

उमरेडकर:
"बे" घरी ठेवा भाऊ. तुमच्या चिठ्ठीच्या भांडणात मूळ मुद्दा गेला. माझं दुखणं वेगळंच आहे, बाहेरून आलेले स्पीकर गोऱ्या पेशंटच्या स्लाइडा दाखवतात, आन् विदर्भात घरोघरी सिकल सेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे त्यावर कोणी बोलत नाही. सिकलचं पोरगं एसीत उपाशी बसवून ठेवलं, पाणी पाजलं नाही, दाढेतला पू अंगावर काढला, तर क्रायसिस होते, म्हणजे त्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून जीवघेण्या कळा येतात. माझ्याकडे एक जण खालचा ओठ बधिर झाला म्हणून आला, दात सगळे ठणठणीत. सिकलमध्ये जबड्याचा रक्तपुरवठा अडला की असा ओठ बधिर होतो, म्हणून मी दातच ठोकून पाहत बसलो नाही, सिकलचा कार्ड मागितला. 2023 मध्ये केंद्रानं सिकलचं मोठं मिशन काढलं, आमच्या गावापर्यंत तपासण्या आल्या, त्यात दाताच्या डॉक्टरला कोणी बोलावलं का?

धरमपेठवाला:
सिकलचं मान्य. तेवढंच. बाकी पॉइंटची सक्ती मला पटत नाही ती नाहीच.

उमरेडकर:
आपलं नागपूरचं सरकारी डेंटल कॉलेज मेडिकल कॉलेजच्या आवारातच तर आहे. वॉर्डात पेशंट दाखवून शिकवा ना, हॉटेल कशाला लागते?

धरमपेठवाला:
तसं ठेवलं तर येतो, पॉइंट नका देऊ. फी लावली तर नाही येणार, आत्ताच सांगतो.

धंतोलीतला फिजिशियन:
मलाही बोलवा. पण त्याआधी पत्रात दाढेचा नंबर लिहायला शिका.