फँटसी फुटबॉल ऑक्शन: खेळाडूंचे भाव काढायचे कसे?

पोहेवाला (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी, मदत हवी आहे. ऑफिसच्या फँटसी लीगमधला (खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची, ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण) एक जण नोकरी सोडून गेला आणि त्याची टीम माझ्या गळ्यात पडली. अमेरिकन फुटबॉल हो, आपला पायाने खेळायचा नव्हे. बारा टीम, प्रत्येकाला २०० खोटे डॉलर, १६ खेळाडू घ्यायचे, एका झेलाला एक गुण. ऑक्शन पुढच्या शनिवारी.

मी शीट केली. प्रत्येकाचे हंगामाचे अपेक्षित गुण लिहिले, बेरीज केली आणि त्या प्रमाणात पैसे वाटले. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) लमार जॅक्सन ३८०, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) बिजान रॉबिन्सन ३००, म्हणजे लमार महाग. वरच्या दहात बहुतेक सगळे क्वार्टरबॅकच. शेजारी बसणाऱ्याला दाखवलं तर तो हसला आणि काही न बोलता कॉफी आणायला गेला. काय चुकलं? आयपीएलचा लिलाव नेमाने बघतो, एवढीच माझी पात्रता.

कोलंबसकर (ओहायो)

हसला ते बरोबरच आहे रे बाबा. नऊ वर्षं ऑक्शन खेळतोय, पहिल्या वर्षी माझी शीट हुबेहूब अशीच होती.

खेळाडू किती गुण देतो ते आधी विसर. तो नसता तर त्या जागी फुकटात कोण मिळाला असता, आणि त्याच्यापेक्षा हा किती जास्त देतो, ते बघ. बारा टीमला मिळून बारा क्वार्टरबॅक लागतात आणि एनएफएलमध्ये, म्हणजे खऱ्या लीगमध्ये, टीम बत्तीस. हंगामभर कोणी ना कोणी बरा क्वार्टरबॅक वेव्हरवर (कोणी न घेतलेल्यांच्या यादीत) पडून असतो. दोघांना आलटून पालटून खेळवलंस तर तुझ्याच आकड्यांत ३२० पर्यंत जाशील. म्हणजे लमारची खरी कमाई ६०.

आता रनिंग बॅक. प्रत्येकाला दोन लागतात आणि फ्लेक्सच्या (वेगवेगळ्या प्रकारचा खेळाडू चालतो त्या) जागी बऱ्याचदा तिसरा बसतो. पहिले बत्तीस-तेहतीस गेले की उरतो तो गाळ. तो तुझ्या शीटवर १७० च्या आसपास असणार. बिजानची कमाई १३०. लमारच्या दुपटीहून जास्त!

मग पैसे. एकूण २४००. त्यातले १९२ बाजूला काढ, कारण १९२ जागा किमान एकेक डॉलरला भरायच्याच आहेत. उरले २२०८. सगळ्यांच्या 'कमाई'ची बेरीज कर. समजा ४८०० आली, तर एका गुणाला ४६ सेंट. बिजान १३० गुणिले ०.४६, वर तो एक डॉलर: ६१. लमार २९. किकर (चेंडूला लाथ मारणारा) आणि डिफेन्स (बचाव फळी) डोळे मिटून एकेक डॉलर, त्यांच्यावर विचार करण्यात वेळ घालवू नकोस.

निशिगंध (जर्सी सिटी)

कोलंबसकर काकांचं गणित बरोबर आहे, पण खोलीत माणसं बसलेली असतात, शीट नसते. आमच्या ऑफिसात अर्धे जायंट्स टीमवाले, अर्धे ईगल्स टीमवाले. रनिंग बॅक सेक्वान बार्कली २०२४ मध्ये जायंट्स सोडून ईगल्सकडे गेला आणि त्याच हंगामात २००५ यार्ड धावला. आता त्याचं नाव पुकारलं की एक बाजू प्रेमाने बोली लावते, दुसरी जुन्या दुःखाने. माझ्या शीटवर ५८ होता, गेला ६६ ला. म्हणून आपल्याला नको असलेला, पण खोलीला आवडणारा खेळाडू सुरुवातीलाच पुकारायचा. दुसऱ्यांचे खिसे हलके होतात.

पण फुकटची बोली चढवायला जाऊ नका. "एवढ्या स्वस्तात कसा जाऊ देऊ" म्हणून मी एका टाइट एंडवर (झेलणारा आणि अडवणाराही) १९ म्हटलं आणि खोलीत एकदम शांतता. माझ्याकडे एक टाइट एंड आधीच होता. अख्खा हंगाम तो १९ डॉलरचा माणूस बेंचवर बसून होता.

पोहेवाला

भारीच! रात्री शीट नव्याने केली, आता क्वार्टरबॅक खाली गेले. एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे प्रत्येकाला एक जुना खेळाडू ठेवता येतो, मागच्या किमतीवर दहा चढवून. जो सोडून गेला त्याने पुका नाकुआ या रिसीव्हरला (झेल घेणारा) २०२३ मध्ये वेव्हरवरून एक डॉलरला उचललं होतं. २०२४ ला ११, २०२५ च्या या हंगामाला २१ पडेल. ठेवू का?

कोलंबसकर

हे शेवटी सांगतोस होय! ठेव, विचारतोस काय. एनएफएलच्या नव्या पोरांच्या निवडीत पार पाचव्या फेरीत घेतलेला पोरगा पहिल्याच वर्षी १०५ झेल आणि १४८६ यार्ड करून गेला. माझ्या हिशोबात त्याचा भाव पन्नाशीच्या आसपास आहे.

पण मग सगळे भाव पुन्हा काढावे लागतील. तू आयपीएल बघतोस ना? पंतला २७ कोटी दिले तेव्हा सगळे म्हणाले १२० कोटींतले २७. पण लखनौने ५१ कोटी आधीच राखलेल्या खेळाडूंवर घातले होते. लिलावात बसताना हातात होते ६९.

तुमच्याकडे उलटं होईल. समजा बारा जणांनी ठेवलेल्यांचा खरा भाव ७००, पण त्यांना ते ५०० ला पडले. खोलीत उरले १९०० डॉलर आणि विकत घ्यायला माल १७०० चा. म्हणजे प्रत्येक भाव १२ टक्क्यांनी वर. बिजान कोणी ठेवला नसेल तर ६१ चा ६८ होईल, तेव्हा दचकू नकोस. दुसऱ्यांनी कोणाला ठेवलं त्याची यादी आधी मिळव, तिच्याशिवाय शीटला अर्थ नाही.

आणि एक अनुभव. २०२३ ला मी रनिंग बॅक निक चबवर ५२ घातले. इथे निम्मं गाव त्याच्या टीमचं, ब्राऊन्सचं, मीही वाहवलो. १८ सप्टेंबरला, दुसऱ्याच सामन्यात, पिट्सबर्गविरुद्ध त्याचा गुडघा गेला. ते नशीब. मूर्खपणा त्याआधीचा: चबनंतरही हात सैल ठेवला आणि अर्ध्या ऑक्शनला माझ्याकडे ११ डॉलर, रिकाम्या जागा सात. सहा जागांसाठी सहा राखून ठेवायचे, म्हणजे जास्तीत जास्त बोली पाच. पुढचे दोन तास मी नुसता बघत होतो.

पोहेवाला

दोन तास?! ऑक्शन चालतं तरी किती वेळ?

निशिगंध

आमचं गेल्या वर्षी साडेतीन तास चाललं. जेवून बसा.