‘मंदिर’, ‘नियमशास्त्र’ आणि ‘मुक्ती’ : नव्या करारातील तीन शब्द

प्रश्न : ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात येशूचा अनुयायी स्तेफन याच्यावर ‘पवित्र स्थान’ (यरुशलेमेतील मंदिर) आणि ‘नियमशास्त्र’ (मोशेने दिलेल्या आज्ञा) या दोहोंविरुद्ध बोलल्याचा आरोप एकाच दमात केला जातो. एक वास्तू आणि एक शास्त्र, यांची अशी जोडी का पडावी? तसेच प्रेषित पौल आपल्या पत्रांत ज्याला ‘देवाचे मंदिर’ म्हणतो, त्यासाठी आणि यरुशलेमेतील मंदिरासाठी मूळ शब्द एकच आहे काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे होईल. मराठीत सर्वत्र ‘मंदिर’ दिसत असले, तरी मूळ ग्रीकमध्ये मुख्यतः दोन शब्द आहेत. ‘हिएरॉन’ म्हणजे प्रांगणे, ओवऱ्या आणि दरवाजे यांसह संपूर्ण देवस्थान. ‘नाओस’ म्हणजे त्यातील मुख्य वास्तू, जिच्या आत पवित्रस्थान आणि पडद्यापलीकडे परमपवित्रस्थान होते. सराफांचे चौरंग येशूने उलथले ते हिएरॉनमध्ये. धूप जाळण्यासाठी चिठ्ठी निघाली म्हणून जखऱ्या याजक आत गेला तो नाओसमध्ये, आणि लोक त्या वेळी बाहेर प्रार्थना करत उभे होते. याजक लेवीच्या वंशातले असत; येशू यहूदाच्या वंशातला, लेवीच्या नव्हे. त्यामुळे नाओसमध्ये पाऊल टाकण्याचा अधिकार त्यालाही नव्हता, आणि तो आत गेल्याचे कोणत्याही शुभवर्तमानात नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. कोणी कुठवर जायचे हे नियमशास्त्र ठरवत होते आणि मंदिराची रचना तेच दगडात दाखवत होती. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, आतल्या प्रांगणात येऊ नये, आल्यास ओढवणाऱ्या मृत्यूला येणारा स्वतःच जबाबदार राहील, अशी ताकीद कोरलेली ग्रीक शिला १८७१ मध्ये यरुशलेमेत सापडली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्रफिम नावाच्या परराष्ट्रीय इफिसकराला पौलाने आत आणले, एवढ्या संशयावरून पौलावर जमाव तुटून पडला होता. हे ध्यानात घेतल्यावर इफिसकरांस पत्रातील यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली ‘आडभिंत’ हा शब्द नुसता अलंकार राहत नाही. त्याच अध्यायात भिंत पाडल्याचे विधान आहे, लगोलग आज्ञाविधींच्या नियमशास्त्राचा उल्लेख आहे, आणि अखेरीस विश्वासणारे मिळून ‘पवित्र मंदिर’ होत जातात असे म्हटले आहे. तेथे शब्द नाओस आहे. जिथे पूर्वी पायही ठेवता येत नव्हता, ते स्थान आता हीच माणसे आहेत. मला हे संपूर्ण नव्या करारातील सर्वांत धाडसी वाक्यांपैकी एक वाटते.

करिंथकरांस पहिल्या पत्रात ‘तुम्ही देवाचे मंदिर आहा’ असे पौल म्हणतो, तेथेही नाओसच आहे. मराठी वाचकाने एवढेच पाहावे, की हे ‘तुम्ही’ आदरार्थी नसून खरोखरीचे अनेकवचन आहे. पौल येथे एकट्या भक्ताच्या अंतःकरणाविषयी नव्हे, तर भांडणाऱ्या, गटातटांत विभागलेल्या एका ख्रिस्ती मंडळीविषयी बोलतो.

यातून मंदिराचा तिरस्कार मात्र काढू नये. पहिले शिष्य दररोज मंदिरात जमत असत, आणि परात्पर देव हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही हे सांगताना स्तेफन आधार देतो तो यशया संदेष्ट्याचा. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळल्यावर यहुद्यांची उपासनाही यज्ञाविना, सभास्थानात चालू राहिली. (पुण्यातील ओहेल डेव्हिड सभास्थानाला ‘लाल देऊळ’ म्हणतात आणि पंचहौदातील चर्चचे नाव ‘पवित्र नाम देवालय’ आहे, दोन्हीकडे पशुयज्ञ नाहीत, तरी लोकांनी ‘देऊळ’ हा शब्द आपलासा केला, हे मराठीचे मोठेपण आहे.)

प्रश्न : मग ‘नियमशास्त्रापासून मुक्ती’ हा प्रयोग योग्य म्हणावा काय? मराठीत ‘मुक्ती’ म्हटले की जन्ममरणाचा फेरा आठवतो.

उत्तर : शंका रास्त आहे. गलतीकरांस पत्रातील ‘एलेउथेरिया’ हा शब्द गुलाम आणि स्वतंत्र नागरिक यांतील भेद सांगणारा आहे. म्हणून तेथे ‘स्वातंत्र्य’ अधिक नेमके ठरते. तथापि, ‘मुक्ती’ला मराठी ख्रिस्ती वापरात स्वतःचे घर मिळाले आहे. मूळ भाषांतून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचे नावच ‘मुक्ती’ आहे, आणि त्या अर्थात निराधार स्त्रियांची प्रत्यक्ष सुटकाही सामावते.

पौल नियमशास्त्राला ‘पायडागोगोस’ म्हणतो, मराठीत ‘बालरक्षक’. हा शिक्षक नव्हे. मालकाच्या मुलाला शाळेत नेणारा, वाटेत धाक ठेवणारा तो घरचा दास असे. मूल वयात आल्यावर त्याचा अंमल संपे, पण म्हणून तो मुलाचा शत्रू ठरत नसे. रोमकरांस पत्रात तोच पौल नियमशास्त्राला पवित्र म्हणतो. त्यामुळे ‘नियमशास्त्र रद्द झाले’ असे लिहिण्यापेक्षा ‘नियमशास्त्राच्या अधीनतेतून सुटलो’ असे लिहावे, हे मी आग्रहाने सुचवेन.